असईच्या वाटेवरचे पाणी

बदनापूर ते असई हे अंतर आज मोटारीने दीड-दोन तासांत कापता येते. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी ते पायी कापायचे ठरवले. तीस वर्षे जालन्याच्या शाळेत इतिहास शिकवताना असईची लढाई मी एका ओळीत आटोपत आलो होतो: २३ सप्टेंबर १८०३, आर्थर वेलस्ली, शिंदे-भोसल्यांचा पराभव. लढाई आपल्याच जिल्ह्यात झाली, एवढे वर्गाला अभिमानाने सांगायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. निवृत्त झाल्यावर वाटले, ज्या वाटेने ती फौज आली ती एकदा पायाखाली घालावी.

दुसऱ्या दिवशी पोटाने दगा दिला. आदल्या संध्याकाळी एका शेतातल्या विहिरीचे पाणी प्यालो होतो. पाणी दिसायला स्वच्छ होते. दुपारपर्यंत उभे राहवेना. रस्त्यालगतच्या वस्तीवर एका म्हाताऱ्या बाईंनी लिंबाखाली बाज टाकून दिली. “भाऊ, आता चालायचं नाव काढू नका,” म्हणाल्या आणि चूल पेटवून पाणी उकळायला ठेवले. पाणी निवल्यावर त्यात मीठ-साखर घालून तांब्या माझ्या उशाशी ठेवला. घोटघोट पीत मी संध्याकाळपर्यंत पडून होतो. तेव्हा मनात आलेला प्रश्न तीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. याच वाटेने हजारो माणसे पायी गेली. ती प्याली काय? खाल्ले काय? आणि जो वाटेत माझ्यासारखा आडवा झाला, त्याचे काय झाले?

हा लेख त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. लढाईचे डावपेच इतरांनी पुष्कळ लिहिले आहेत. मला त्या स्वारीकडे परक्या मुलखातली एक लांबलचक पायपीट म्हणून पाहायचे आहे.

वाट

वेलस्लीची फौज म्हैसूरकडून आली. मार्च १८०३ मध्ये तिने हरिहरजवळ तुंगभद्रा ओलांडली. २० एप्रिलला वेलस्ली पुण्यात होता. हा पल्ला पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि तोही चैत्र-वैशाखाच्या उन्हातला. पुढे ८ ऑगस्टला अहमदनगरची पेठ आणि १२ ऑगस्टला किल्ला पडला. २४ ऑगस्टला गोदावरी ओलांडून २९ तारखेला फौज औरंगाबादला पोचली. दुसरीकडे निजामाच्या बाजूने आलेल्या कर्नल स्टीव्हन्सनने २ सप्टेंबरला जालना घेतले. जालना तेव्हा शिंद्यांकडे होते. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी निघायचे आणि उत्तरेला एकत्र येऊन शिंदे-भोसल्यांवर चालून जायचे, असा बेत झाला. वेलस्लीने पूर्वेची वाट धरली.

या फौजेत गोऱ्या सैनिकांच्या तीन पलटणी होत्या: १९वे घोडदळ आणि ७४वी व ७८वी या दोन स्कॉटिश पायदळ पलटणी. बाकीचे सैनिक मद्रास इलाख्यातले देशी शिपाई होते, आणि सोबत म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार. स्कॉटलंडच्या थंडीतला माणूस जाड लोकरीचा लाल कोट घालून मराठवाड्याच्या काळ्या मातीतून चालत होता. पण तंजावर-अर्काटकडच्या शिपायालाही हा मुलूख परकाच होता. तो भात खाणारा आणि इथे पिकत होती ज्वारी-बाजरी. इथली भाषा, इथले पाणी, इथला वारा त्याच्या ओळखीचे नव्हते. आपण त्याला ‘इंग्रजांची फौज’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधतो, तेव्हा हे विसरतो.

महिनाही लक्षात घेण्यासारखा आहे. सप्टेंबर म्हणजे भाद्रपद संपून आश्विन लागण्याचा काळ. पावसाळ्याची ओल जमिनीत असते आणि वरून ऊन चटके देते. शरद ऋतू ही वैद्यांची आई आहे, असे आपल्याकडे जुने लोक थट्टेने म्हणत, कारण तापाचे रोगी याच दिवसांत वाढतात. वेलस्लीने हा काळ मुद्दाम निवडला होता. नद्या भरलेल्या असताना मराठ्यांच्या घोडदळाला मोकळेपणाने फिरता येत नाही आणि आपण नावा बाळगल्या तर आपल्याला पार होता येते, असा त्याचा हिशेब होता. त्यासाठी त्याने वेताच्या, कातड्याने मढवलेल्या गोल नावा तयार करवून घेतल्या होत्या. लढाईच्या दृष्टीने जो काळ सोयीचा, तोच आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट होता.

पहाटेचा कूच

तरी ही फौज चालत राहिली आणि लढण्याइतकी धडधाकट राहिली. कशी?

पहिले उत्तर घड्याळात आहे. उजाडण्यापूर्वी तंबू काढायचे, अंधारातच चालायला लागायचे आणि ऊन तापायच्या आत पाण्याजवळ मुक्काम करायचा, हा नेम होता. हा शोध काही वेलस्लीचा नव्हे. दख्खनमध्ये लांब चालणारा प्रत्येक जण हेच करत आला आहे. आषाढीला आमच्याकडून पंढरपूरला निघणारे वारकरी पहाटेच निघतात. लमाणांचे तांडे पहाटेच हलत. बैलाला ऊन सोसत नाही आणि बैल थांबला की सगळेच थांबते. युरोपातल्या सैन्याला हा नेम इथे येऊन शिकावा लागला.

दुसरे उत्तर बैलात आहे. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडल्यावर हैदर-टिपूंनी जोपासलेले अमृतमहाल जातीच्या गुरांचे खिल्लार कंपनीच्या हाती आले. चालीला चपळ आणि ओझ्याला काटक अशी ही जात. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बैलांचा विषय सतत येतो. बैल किती, त्यांची पाठ सोलवटली आहे का, त्यांना वैरण मिळते का, याची तो सैनिकांइतकीच चौकशी करतो. हे भूतदयेपोटी नव्हते. बैल मेला की तांदूळ मागे राहतो आणि शिपाई उपाशी राहतो. उपाशी माणूस तापाला लवकर बळी पडतो, हे जंतूंचे शास्त्र जन्मण्यापूर्वीही सगळ्यांना ठाऊक होते.

तिसरे उत्तर तांड्यात आहे. फौजेला धान्य पुरवत ते लमाण, म्हणजे बंजारे. हजारो बैलांवर तांदूळ, हरभरा, मीठ लादून ते फौजेमागून चालत. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘ब्रिंजारी’ म्हटले आहे. ते कुणाचे चाकर नव्हते. जो दाम देईल आणि तांड्याला अभय देईल त्याला धान्य विकणे हा त्यांचा धंदा होता. ज्वारीच्या मुलखात मद्रासच्या शिपायाच्या पानात भात पडत होता तो या तांड्यांमुळे.

उसने घेतलेले शब्द

एखाद्याने काय काय उसने घेतले हे ओळखायचे तर त्याची भाषा पाहावी. या काळातल्या इंग्रजी लष्करी कागदांत आपल्या ओळखीचे शब्द वेश बदलून बसलेले दिसतात. ‘पकॉली’ हा त्यातला एक. तो म्हणजे आपला पखाली: कातडी पखालीतून बैलावर पाणी वाहणारा. मद्रासच्या पलटणींबरोबर पखाली असत. मुक्कामावर पाणी आणायचे, कूच सुरू असताना रांगेबरोबर पाणी न्यायचे आणि गोळ्या सुटत असतानाही तहानलेल्याला पाणी पाजायचे, हे त्यांचे काम. बंदूक नसलेला हा माणूस रांगेत नसेल तर बंदूकवाले अर्ध्या दिवसात कोसळतील, हे सेनापतीला पक्के ठाऊक होते.

दुसरा शब्द ‘डूली’, म्हणजे आपली डोली. आजारी आणि जखमी माणसाला भोई डोलीतून वाहून नेत. त्या काळात दुसरी रुग्णवाहिकाच नव्हती. या शब्दाची एक गंमत १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात नोंदवली आहे. हिंदुस्थानातल्या एका लढाईत जखमींना डोल्यांतून नेल्याचे वाचून विलायतेतल्या कुणा वक्त्याने भर सभेत सांगितले म्हणे, की ‘डूली’ नावाच्या क्रूर टोळ्या डोंगरावरून उतरल्या आणि आमचे जखमी पळवून घेऊन गेल्या! वाचून आपण हसतो. पण जो भोई जखमी गोऱ्याला खांद्यावर घेऊन मैलोगणती चालला, त्याची तिकडे अशी ओळख झाली.

आपणही फार वेगळे वागलो नाही. फौजेबरोबर चालणाऱ्या या सगळ्या माणसांना मराठीत एकच शब्द आहे: बाजारबुणगे. पखाली, भोई, लमाण, घोड्यांना गवत कापून आणणारे, स्वयंपाकी, परीट, त्यांच्या बायका आणि मुले, सगळे त्यात आले. लढणाऱ्या एका माणसामागे असे कित्येक जण चालत. पानिपतापासून आपण हा शब्द ओझे या अर्थी वापरतो. पण फौजेचे आरोग्य ज्यांच्या हाती होते ती माणसे हीच होती.

नियम मोडला तो दिवस

२३ सप्टेंबरला फौज पहाटेच निघाली. सुमारे चौदा मैल चालून अकराच्या सुमारास ती नळणीला पोचली. नेमाप्रमाणे इथे मुक्काम व्हायचा होता. पण शत्रूची छावणी अपेक्षेपेक्षा फारच जवळ आहे अशी बातमी आली. वेलस्लीने स्टीव्हन्सनची वाट न पाहता पुढे जायचे ठरवले. माणसे पुन्हा उन्हात चालू लागली. त्या दिवशी लढाईला तोंड लागेपर्यंत त्यांची चाल सुमारे चोवीस मैल झाली होती.

केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज होती. वाटाड्यांनी सांगितले, जवळपास उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे दिसली. एवढ्या जवळच्या गावांत येणेजाणे असणारच आणि ते असेल तर उतारही असणार, असा तर्क त्याने केला. तो खरा ठरला. पुढे आयुष्यभर त्याला या तर्काचा अभिमान होता. मी तिथे उभा राहिलो तेव्हा वाटले, हा तर्क आमच्याकडच्या कुठल्याही गुराख्याने केला असता. जावयाचे गाव पलीकडे असेल तर नदीला वाट असतेच.

संध्याकाळपर्यंत लढाई संपली. कंपनीच्या बाजूने पाच हजारांहून थोडी कमी माणसे प्रत्यक्ष लढली. त्यांत १९८ युरोपियन आणि २३० देशी ठार झाले. ४४२ युरोपियन आणि ६९६ देशी जखमी झाले. म्हणजे ४२८ मृत आणि ११३८ जखमी. आधी चोवीस मैलांची चाल, मग भर उन्हातली लढाई, आणि आता एक हजारावर जखमी. डॉक्टर मूठभर, डोल्या अपुऱ्या. बऱ्याच जखमींना ती रात्र मैदानातच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टीव्हन्सनची फौज पोचली तेव्हा तिच्याबरोबरच्या डॉक्टरांचा हातभार लागला. गुंगी आणणारा ईथर वापरात यायला १८४६ साल उजाडायचे होते आणि लिस्टरचे जंतुनाशक ड्रेसिंग १८६७ मधले. हातपाय कापायचे ते शुद्धीवर असलेल्या माणसाचे, आणि त्याच करवतीने पुढच्या माणसाचेही.

मराठी फौजेचे किती पडले? याचा आकडा मिळतो तो वेलस्लीच्या अंदाजाचा: बाराशे मृत. एका बाजूची माणसे एकेक मोजलेली आणि दुसऱ्या बाजूची शेकड्याने धरलेली. पखाली आणि भोई यांना तर अंदाजातही जागा नाही. तोफगोळा पखाल आणि बंदूक यांत भेद करत नसणार. यादी मात्र करते.

अजिंठ्याचा दवाखाना

जखमींना ठेवायला भक्कम जागा हवी होती. दौलताबादच्या किल्ल्यात त्यांची सोय व्हावी अशी वेलस्लीची इच्छा होती. किल्ला मित्र म्हणवणाऱ्या निजामाचा होता, पण किल्लेदाराने दार उघडले नाही. शेवटी अजिंठा गावात दवाखाना थाटला गेला. असईहून घाटमाथ्यावरच्या अजिंठ्यापर्यंत हजाराच्या घरात जखमी डोल्यांतून आणि गाड्यांतून गेले. एका डोलीला किमान चार भोई आणि खांदा बदलायला आणखी दोन लागतात. हा हिशेब केला की त्या रस्त्यावर किती माणसे ओझ्याखाली वाकून चालत होती हे लक्षात येते. त्यांनी काय खाल्ले याची चौकशी कोणी केली असेल असे वाटत नाही.

ज्या अजिंठ्यात हे जखमी कण्हत पडले होते, त्याच्या जवळच्या दरीत जगप्रसिद्ध लेणी होती. इंग्रज अधिकारी जॉन स्मिथला ती दिसली १८१९ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. अजिंठ्याशी इंग्रजांची पहिली जवळीक चित्रांमुळे नव्हे, जखमांमुळे झाली.

आजार फक्त शिपायांनाच झाला असे नाही. स्टीव्हन्सन नोव्हेंबरमध्ये अडगावच्या लढाईत हत्तीच्या हौद्यात बसून होता, कारण आजारपणामुळे त्याला घोड्यावर बसवत नव्हते. खुद्द वेलस्लीही १८०१ मध्ये मुंबईत ताप आणि अंगभर सुटलेल्या खरजेने हैराण झाला होता. नत्राम्ल मिसळलेल्या पाण्याने त्याला आंघोळ घालत. त्या आजारामुळे त्याची मिसरच्या मोहिमेवर जायची संधी हुकली. ज्या जहाजाने तो जाणार होता ते वाटेत माणसांसह बुडाले. खरूज झाली नसती तर असईही नाही आणि पुढे १८१५ चे वॉटर्लूही नाही!

खापर हवेवर

परक्या मुलखात तब्येत कशी सांभाळावी याची पुस्तके तेव्हाही होती. जेम्स लिंड या डॉक्टरचे उष्ण देशांत युरोपियनांना होणाऱ्या आजारांवरचे पुस्तक १७६८ मध्ये निघाले. जेम्स जॉन्सनचे उष्णकटिबंधातील हवामानाच्या परिणामांवरचे पुस्तक १८१३ मधले. दोघांचाही रोख हवेवर होता. दलदलीतून, कुजलेल्या पालापाचोळ्यातून विषारी वाफ उठते आणि ती माणसाला ताप आणते, असे तेव्हाचे शास्त्र सांगे. म्हणून मुक्काम उंचावर करा, दलदल टाळा, रात्रीच्या दवात निजू नका. सल्ला बरोबर होता, कारण चुकीचे होते. दलदल टाळली की डासही टळतात. हिवताप डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉसने दाखवून दिले ते १८९७ मध्ये.

जॉन्सनने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. देशी माणूस उन्हात डोक्याला पागोटे आणि कमरेला पटका बांधतो त्याला काही कारण आहे, ते शिका. पुढच्या काळात गोऱ्या सैन्याने कमरपट्टा उचलला, पण लोकरीचा करून. त्याला ‘कॉलऱ्याचा पट्टा’ असे नाव पडले. पोटाला गारठा लागला की पटकी होते, अशी समजूत होती. कित्येक दशके शिपाई भर उन्हाळ्यात पोटाला लोकर गुंडाळून चालत राहिले आणि पाणी मात्र मिळेल तिथले पीत राहिले.

मोडशी

पटकीला आपल्या भाषेत आणखी एक शब्द होता: मोडशी. आज आपण तो साध्या अपचनाला वापरतो. गोव्यात १५४३ साली आलेल्या भयंकर साथीचे वर्णन गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने केले आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात हा रोग याच नावाने नोंदवला. ओर्ताचे नगरच्या निजामशाहाकडे येणेजाणे होते, म्हणजे दख्खनची वाट त्याच्या पायाखालची. पोर्तुगीजांच्या तोंडी मोडशीचे ‘मोर्देशी’ झाले आणि फ्रेंचांनी ते ऐकून ‘मोर-द-श्यँ’ केले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कुत्र्याचे मरण! शब्द चुकीचा ऐकला, पण रोगाचे वर्णन चपखल बसले.

१८०३ च्या फौजेला ही मोठी साथ भेटली नाही, हे तिचे नशीब. साथ आली १८१७ मध्ये बंगालमधून. त्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत ती घुसली आणि काही दिवसांत हजारो माणसे गेली. त्यांत बहुसंख्य तेच, बाजारबुणगे. पुढे १८१८ मध्ये रोग नागपुराहून जालना, औरंगाबाद, नगर, शिरूर, पुणे, पनवेल अशा मुक्कामांनी ऑगस्टमध्ये मुंबईला पोचला. ही नावे पुन्हा वाचावीत. हा फौजांचा आणि व्यापाऱ्यांचा रस्ता होता. ज्या वाटेने पलटणी, तांडे आणि टपाल जात, त्याच वाटेने रोग चालत गेला. डॉक्टरांकडे होते ते पाऱ्याचे कॅलोमल, अफूचा अर्क आणि रक्त काढायची सुरी. पटकीत शरीरातले पाणी आणि मीठ निघून जाते, हे विल्यम ओ’शॉनेसीने १८३१ च्या अखेरीस दाखवले आणि पुढच्याच वर्षी थॉमस लाटाने शिरेतून खारे पाणी देऊन रोगी वाचवले. मग ही गोष्ट वैद्यकाच्या मुख्य रस्त्यावरून बाजूला पडली. साधे मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन माणसे मोठ्या संख्येने वाचवता येतात हे दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये, बांगलादेशाच्या युद्धातील निर्वासितांसाठी बनगावला उभारलेल्या छावणीत सिद्ध केले. त्यालाच आपण जलसंजीवनी म्हणतो. वस्तीवरच्या बाईंनी माझ्या उशाशी ठेवलेला तांब्या तोच.

आजीचे फडके

माझ्या आजीच्या पोटरीवर एक जुना व्रण होता. लहानपणी तिला नारू झाला होता. गावात पायऱ्यांची बारव होती. लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागरी भरत. ज्याच्या पायातून नारू बाहेर पडत असेल, त्याच्याकडून अळ्या पाण्यात जात. तिथे त्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणकिड्यांत शिरत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात वाढत. हे चक्र फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञाने १८७० मध्ये उलगडले. पाणी प्यायल्यापासून नारू बाहेर यायला सुमारे वर्ष लागते. म्हणजे असईच्या वाटेवर बारवेचे पाणी प्यालेल्या शिपायाला त्याची शिक्षा पुढच्या वर्षी, कुठल्या तरी दुसऱ्याच मुलखात मिळाली असती, आणि त्याने दोष तिथल्या हवेला दिला असता.

आजी शास्त्र शिकली नव्हती. पण घागरीच्या तोंडाला दुहेरी फडके बांधल्याशिवाय ती पाणी भरत नसे. पाणी गाळून प्यावे हा आपल्याकडे जुना संस्कार. त्या फडक्याने पाणकिडा अडतो आणि नारू टळतो. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. त्या मोहिमेत गाळण्याचे फडके हे एक मोठे हत्यार होते. आणखी एक गोष्ट. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात जुन्या साडीच्या किमान चार घड्या करून पाणी गाळल्यावर पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. हा निबंध २००३ सालचा, असईच्या बरोबर दोनशे वर्षांनंतरचा.

यावरून आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे मी म्हणणार नाही. ज्यांनी फडके बांधले त्यांनीच बारवेत पाय घातले. मोती तलावाचे पाणी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणणारे जालना हेच, आणि १८१८ च्या पटकीच्या वाटेवरचे जालनाही तेच. पण हातातल्या साध्या गोष्टींनी जे साधत होते ते पुस्तकातल्या वाफेच्या सिद्धांताने साधले नाही, एवढे म्हणायला हरकत नसावी.

ज्यांची यादी झाली नाही

स्वारी संपली. ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि जालना शिंद्यांकडून गेले. पण आमच्या मुलखाचे हाल तिथे संपले नाहीत. आधी होळकरांच्या स्वारीने आणि मग सगळ्यांच्याच फौजांनी दख्खन खरवडला होता. त्यात पावसाने ओढ दिली. १८०३-०४ च्या दुष्काळात माणसे रस्त्यावर मेली. अहमदनगरला वेलस्लीने धडधाकटांना कामावर लावून आणि अशक्तांना अन्न देऊन काहींना जगवले, हे त्याच्या नावावर लिहायला हवे. पण हजारो बैल, घोडे आणि माणसे ज्या प्रदेशातून जातात तिथली वैरण आणि धान्य खाऊनच जातात, हेही त्याच पानावर लिहायला हवे. फौज धडधाकट राहिली. तिला धडधाकट ठेवणारा मुलूख उपाशी राहिला.

आज आपली मुले नेपाळात आणि हिमालयात ट्रेकला जातात. निघण्यापूर्वी यादी करतात: पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, जलसंजीवनीची पाकिटे, उंचीच्या त्रासावरचे औषध, विमा. हे योग्यच आहे, मी स्वतः धडा शिकलो आहे. पण त्यांची पिशवी ज्याच्या पाठीवर असते त्या हमालालाही उंचीचा त्रास होतो, थंडी वाजते, पोट बिघडते. त्याच्या अंगावर पुरेसे कपडे आहेत का आणि तो आजारी पडला तर त्याला खाली कोण आणणार, हा प्रश्न यादीत क्वचितच असतो. परक्या मुलखात तब्येत सांभाळायची तर ती एकट्याची सांभाळता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मी असईला पोचलो. जुईच्या काठाने कपाशी उभी होती. एका मुलाने शेतात सापडलेली शिशाची गोळी खिशातून काढून दाखवली. मी त्याला विचारले, इथे कोण कोण लढले ठाऊक आहे का? त्याने भराभर नावे सांगितली, शाळेत शिकवलेली. माझ्याच एका ओळीच्या धड्यातली. मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली: त्या दिवशी इथे खांद्यावर पाणी घेऊन फिरणारी माणसेही होती. त्याने विचारले, त्यांची नावे काय? मला एकही सांगता आले नाही. परतीच्या वाटेवर त्या वस्तीवर थांबून बाईंना नमस्कार केला. पहिल्या खेपेला त्यांचे नाव विचारायचे राहून गेले होते. या वेळी विचारले आणि वहीत लिहून घेतले.